सड्याचा फोटो

मित्रांनो, मी एक जुना कॅमेरा आहे. पोटात रीळ घालावं लागतं आणि फोटो कसा आला हे कळायला वाट बघावी लागते, त्या जातीचा. माझी पापणी क्षणभरच उघडते. तेवढ्यात जे दिसेल ते मी धरतो आणि मग सोडत नाही. या गोष्टीचा मला आजवर मोठा अभिमान होता. पण गेल्या भाद्रपदात मी जे पाहिलं, त्यानंतर आपण आंधळे झालो असतो तर बरं, असं मला वाटून गेलं. अजूनही ते आठवलं की माझ्या आतलं चाक अडखळतं. सांगतो. पण कीर्तनात आख्यानाच्या आधी पूर्वरंग असतो, तसं थोडं मागचं ऐकून घ्या.

माझा जन्म कुठल्याशा दूरदेशीच्या कारखान्यात झाला. मस्कतच्या एका दुकानातून मला पूर्णगडच्या कमालभाईंनी उचललं. ते तिकडे बोटीवर कामाला होते. सुट्टीवर आले की राजापूरच्या एसटीने फिरायचे आणि त्या एसटीचे कंडक्टर होते रावजी. तिकीट फाडता फाडता दोघांची दोस्ती जमलेली. कमालभाईंनी मला रावजींच्या हातात ठेवलं आणि म्हणाले, “घे, तुझ्यासाठी आणलाय. पण एक अट हाय. माझ्या खाडीचा फोटो काढून मला मस्कतला पाठवायचा.”

“घरच्यांचा नको?”

“घरच्यांचे येतात रे. खाडीचा पाठव. ओहोटीला होड्या चिखलात बसलेल्या असतात ना, तेव्हाचा.”

“चिखलाचा फोटो!” रावजी हसले.

“तुझ्यासाठी चिखल. मला तिकडे त्याच्या वासाशिवाय झोप नाय.”

रावजींनी मग विचारलं, “तू उभा कुठे राहून बघायचास?” कमालभाईंनी सांगितलं, किल्ल्याच्या दरवाजाखालच्या पायरीवर. रावजी त्याच पायरीवर जाऊन उभे राहिले आणि मी पहिल्यांदा डोळा उघडला.

तेव्हापासून रावजींची ही रीतच झाली. गावातले निम्मे पुरुष मुंबईला. कुणी म्हणे, पाणंदीतल्या फणसाचा फोटो पाठवा. कुणी म्हणे, देवळामागच्या विहिरीचा. रावजी प्रत्येकाला एकच प्रश्न विचारत, “उभा कुठे राहायचास?” आणि बरोबर त्या जागेवर उभे राहत, मग तिथे काटे असोत नाहीतर शेण. ते म्हणत, “समोर दिसतं ती अर्धी जागा. बघणारा उभा असतो ती उरलेली अर्धी.”

पावसाळ्यात कोकणातली ओल माझा जीव घेईल म्हणून ते मला फडक्यात गुंडाळून तांदळाच्या डब्यात ठेवत. त्यांची बायको चिमा तांदूळ मापायला हात घाली आणि मीच हाताला लागे. “आज ह्यालाच शिजवू काय?” असं ती रोज विचारी, आणि रोज रावजी म्हणत, “शिजव, पण आमटी पातळ कर.”

आणि मित्रांनो, कीर्तनं! देवळातल्या उत्सवात रावजी मला गळ्यात अडकवून पुढच्या रांगेत बसत. समईचा उजेड, बुक्क्याचा वास, झांजांचा नाद. माझं यंत्राचं मन, पण तिथे तेही विरघळायचं. एकदा बुवांनी भर कीर्तनात रावजींकडे बोट दाखवलं. “मंडळी, सगळ्यांच्या गळ्यात तुळशीची माळ, आणि आमच्या रावजींच्या गळ्यात ही काळी घोरपड!”

सारं देऊळ हसलं. रावजी बसल्या जागेवरून म्हणाले, “बुवा, घोरपड एकदा धरते ते सोडत नाय.”

“मग नामही असंच धर!” बुवा म्हणाले, आणि टाळ्यांचा गजर झाला.

या बुवांची एक हातोटी होती. एक साधा शब्द घ्यायचा आणि नारळासारखा फोडून दाखवायचा. त्या दिवशी त्यांनी ‘सडा’ हा शब्द घेतला. तुम्हाला ठाऊक असेल, सकाळी अंगणात शेणपाण्याचा सडा घालतात, प्राजक्ताखाली फुलांचा सडा पडतो. आणि आमच्या रत्नागिरीकडे डोंगरमाथ्यावर जो सपाट कातळ पसरलेला असतो, त्यालाही सडाच म्हणतात. बुवा म्हणाले, “अंगणातला सडा आपण घालतो, तो दुपारी वाळतो. फुलांचा सडा झाड घालतं, तो सांजेला झाडला जातो. पण वरचा सडा देवानं घातला. तो झाडायला कोण येणार आहे?”

चिमा बायकांत बसली होती. तिने पदराने डोळे पुसले. तिला सड्याचं नाव निघालं की असंच व्हायचं. त्याचं कारण मला माहीत होतं.

ती नवी नवरी असताना जळण आणायच्या निमित्ताने सड्यावर जायची. तिथे कातळाला एक बाकासारखा उंचवटा होता. त्यावर बसलं की अर्जुना नदीच्या पलीकडे, पार त्या डोंगराच्या कुशीत, तिच्या माहेरच्या देवळाचं पांढरं शिखर दिसायचं. तिथे बसून ती पोटभर रडायची आणि तोंड धुऊन घरी यायची. रावजींना हे कळलं तेव्हा ते रागावले नाहीत. मला घेऊन वर गेले. भाद्रपदाचे दिवस होते, सडाभर निळी-पांढरी फुलं उमललेली. त्यांनी तिला विचारलं, “तू बसतेस कुठे?” तिच्या जागेवर बसून त्यांनी तिच्या माहेराचा फोटो काढला. तो चौकटीत घालून चुलीसमोरच्या भिंतीवर लावला. भाकऱ्या थापताना तिला माहेर दिसायचं.

रावजी गेले. मी पत्र्याच्या ट्रंकेत पडलो. तांदळाचा डबा गेला, त्या जागी डांबरगोळ्या आल्या. माझ्या भिंगाच्या कडेला बुरशीची जाळी धरली. भिंतीवरच्या त्या फोटोतही ओल शिरली, आणि नेमकं शिखर होतं तेवढंच तिने खाऊन टाकलं.

चिमाचे गुडघे गेले. तिला घराच्या उंच पायऱ्या चढवेनात. मुंबईतल्या तिच्या मुलाने, संदेशने, अंगणाच्या बाजूला तिच्यासाठी नवी खोली बांधली. जांभ्या चिऱ्याची, आत-बाहेर गिलावा न केलेली, लाल. गार लागते म्हणून चिमा दिवसभर त्या भिंतीला पाठ लावून बसायची. आल्यागेल्याला सांगायची, “माझ्या लेकानं बांधली. असा लेक सगळ्यांना देवो.” उन्हाळाभर वरून मशीनची घरघर येई. संदेश म्हणाला होता, पलीकडच्या वाडीत चिरेखाण चालू आहे. तिने मान डोलावली होती.

गेल्या गणपतीला संदेशची मुलगी सानवी आली. कॉलेजात जाणारी पोर. हल्ली रिळाच्या कॅमेऱ्यांचं पुन्हा वेड आलंय म्हणे. तिने मला ट्रंकेतून काढलं, भिंग साफ केलं आणि बरोबर आणलेलं नवं रीळ भरलं. कितीतरी वर्षांनी माझ्या पोटात काही गेलं!

चिमा म्हणाली, “बाय माझी, एक काम करशील? सड्याचा फोटो काढून आण. माझं मेलीचं आता वर जाणं होत नाय. तिथे एक बाकासारखा कातळ हाय, त्याच्यावरच बस हां. तुझा आजा तिथेच बसला होता.”

आम्ही निघालो. वाट मला पाठ होती. करवंदीची जाळी, मग तांबडी घसरण, मग एकदम आभाळ उघडतं. सानवी शेवटचा चढ पळत चढली.

आणि किंचाळून मागे सरली.

मित्रांनो, सडा नव्हता. पायाशी जमीन तुटली होती. सुरीने वडी कापावी तसा डोंगरमाथा सरळ कापून नेला होता. घराएवढ्या खोल, ताशीव भिंती. तळाशी पावसाचं लालभडक पाणी साचलेलं, त्यात एक रबरी चप्पल तरंगत होती. पलीकडे थोडा सडा अजून शिल्लक होता. त्यावर निळी फुलं डोलत होती, जणू शेजारी काही घडलंच नाही. आणि समोर, दूर, चिमाच्या माहेरचं शिखर स्वच्छ दिसत होतं. माहेर जागेवर होतं. ते बघायची जागाच तेवढी नव्हती. जिथे तो बाकासारखा कातळ होता तिथे आता हवा होती.

बुवांचे शब्द माझ्या कानात घुमले. तो झाडायला कोण येणार आहे?

 सानवीचं बोट खटक्यावर आपोआप दाबलं गेलं की तिने मुद्दाम दाबलं, मला सांगता येणार नाही. मी डोळा उघडला, आणि धरलं.

परत येताना ती देवळापाशी थांबली. प्राजक्ताखाली फुलांचा सडा पडला होता. ती बराच वेळ त्याच्याकडे बघत राहिली. मग खाली वाकून तिने त्याचा फोटो काढला.

“काढलास गो?” चिमाने विचारलं.

“काढला आजी. रीळ धुऊन आलं की दाखवते.”

दिवाळीला ती आली, या खेपेला संदेशही बरोबर होता. सानवीने आजीच्या हातात फोटो ठेवला. पांढरी फुलं, केशरी देठ, ओली माती. चिमाने तो डोळ्यांजवळ धरला आणि खो खो हसत सुटली. “अगो, हा सडा नव्हे! मुंबईचं पोर ते! मी वरचा सडा म्हटला, हिनं फुलांचा आणला!”

सानवीही हसली. “मला काय माहीत आजी? सडा म्हटलं की हाच ना?” संदेश हसता हसता दुसरीकडे बघू लागला.

चिमाचं हसू हळूहळू विझलं. ती फोटो काढणाऱ्याची बायको होती. “अख्ख्या रिळात एकच फोटो निघतो काय गो, सानवी? दुसरा दे.”

“दुसरा नीट आला नाही.”

“दे.”

सानवीने पिशवीतून तो काढून दिला. चिमाने बघितला. फोटो उलटा तर नाही ना, म्हणून फिरवून बघितला. पुन्हा सुलट केला. तिला शिखर दिसलं. मग शिखराखाली काय आहे ते दिसलं.

“माझा कातळ कुठाय?” तिने विचारलं. आवाज नव्या नवरीसारखा बारीक झाला होता.

 संदेश म्हणाला, “आई, नुसता कातळ तर होता. गवत धड उगवत नव्हतं. तुझी खोली व्हायला हवी होती. खाणवाला म्हणाला, सड्यावरची तुमच्या वाटणीची जागा द्या, चिरे मी देतो.”

“कुठले चिरे?”

संदेशने मान खाली घातली. चिमा पाठीमागच्या भिंतीकडे वळली. वर्षभर ती ज्या भिंतीला पाठ लावून बसली होती, ज्या भिंतीचं कौतुक आल्यागेल्याला सांगत होती, तिच्यावर तिने तळहात टेकला आणि चटका बसल्यासारखा मागे घेतला.

“म्हणजे मी सड्यालाच टेकून बसले होते,” ती म्हणाली. “आणि माझं तोंड उंबऱ्याकडे!”

मी खुंटीवर लटकत होतो. 

“आणि उरलेला?” तिने विचारलं.

“दिवाळी झाली की मशीन चढणार आहे. मी शब्द दिलाय, आई.”

चिमा रागावली नाही. ती रागावली असती तर संदेशला सोपं गेलं असतं. ती एवढंच म्हणाली, “उद्या सकाळी ही घोरपड गळ्यात घाल. वर जा. माझ्या जागेवर उभा राहा आणि तिथून माझं माहेर काढून आण. तुझा बाप आणायचा तसं.”

सकाळी संदेशने मला गळ्यात घातलं. खाणीच्या काठाकाठाने तो फिरला. मला डोळ्याला लावायचा, खाली घ्यायचा. एक पाऊल पुढे टाकायचा आणि दगड खाली पाण्यात पडल्याचा आवाज आला की मागे यायचा. मग काठावरच उकिडवा बसला आणि लहान मुलासारखा हुंदके देऊ लागला. माझी पापणी त्या दिवशी उघडलीच नाही.

घरी येऊन त्याने मला चिमाच्या मांडीवर ठेवलं. “आई, उभं राहायला जागाच नाय गो.”

“हेच तुला तुझ्या डोळ्यांनी दिसायला हवं होतं,” ती म्हणाली.

तो अंगणात गेला. फोनवर त्याचा आवाज चढला, उतरला, पुन्हा चढला. “नाय. उरलेला नाय. शब्द मागे घेतला म्हणा, काय म्हणायचं ते म्हणा.”

चिमाने फुलांचा फोटो देवांपाशी ठेवला. खाणीचा फोटो तिने सानवीला भिंतीवर लावायला सांगितला. “ह्याच भिंतीवर. सड्याचंच शरीर ते. मला तोंड तिकडे करून बसू दे.”

सानवीने खिळा ठोकला. जांभा तो, भुसभुशीत. प्रत्येक घावासरशी लाल भुकटी झरझर खाली येऊ लागली, आणि नुकत्याच सारवलेल्या जमिनीवर पसरली. सानवी केरसुणी आणायला धावली.

“राहू दे,” चिमा म्हणाली. “हा झाडू नको.”

मित्रांनो, माझं भिंग पुसा, मला तांदळात ठेवा, असं मागणं मागायचं माझं वय आहे. पण ते मी मागत नाही. तुमच्याही जीवाची एखादी जागा असेल, एखादा कातळ, एखादी पायरी, एखादा चिखल. तिचा फोटो जरूर काढा. पण काढून झाला की लगेच पाठ फिरवू नका. तिच्याकडे अधूनमधून जात राहा, तिची खबर घेत राहा, आणि तिच्यावर कुणी हात टाकला तर वेळेवर ओरडा. मी घोरपड आहे, धरलेलं सोडणार नाही, एवढं वचन देतो. पण चिमाला विचारा. फोटोवर बसून माहेर दिसत नाही.