साधा धरलेला आवाज

आईने बॅग भरली होती आणि भिंगरीला आनंद लपवता येत नव्हता. खोटं कशाला बोला, आई आता आपल्याकडे राहायला येणार म्हणून ती तीन दिवस हवेतच होती. दादाचा फोन आला तेव्हा तो बिचारा रडवेला झाला होता. "आई तुझ्याकडे निघालीय. म्हणते, इथे उठसूट बोलणी खायची नाहीत मला. भिंगरे, मी काय केलं गं?" "जाऊ दे रे, वयाप्रमाणे होतं माणूस असं," म्हणून हिने वेळ मारून नेली होती.

आईला वर्षापूर्वी एका तापानंतर दोन्ही कानांनी ऐकू येईनासं झालं. भिंगरीचं पोट अक्षरांवर चालायचं. जाहिरातींत जी नाचणारी, फुगणारी, थरथरणारी अक्षरं दिसतात ना, ती बनवणाऱ्यांतली ही एक. तिने आईसाठी एक प्रोग्राम केला. समोरचा बोलला की शब्द टॅबवर उमटायचे आणि आवाजासारखे हलायचे. मऊ बोलणं गोल, निळं. रागाचं बोलणं काळं, जाड, काटेरी. गेले चार महिने आई त्या टॅबवरच माणसं ओळखत होती.

रविवारी सकाळी भिंगरी गाडी घेऊन दादाकडे पोचली. दादा दगड घडवायचा. पंचवीस वर्षं छिन्नीखालची धूळ खाऊन घसा कायमचा खरखरीत झालेला, पण माणूस कुणाच्या अध्यात ना मध्यात. तो आईजवळ बसला आणि म्हणाला, "आई, तुझी उशी पण बांधून देऊ का? तिथे दुसरीवर झोप लागायची नाही तुला."

टॅबवर काळी अक्षरं दणादण आदळली. एकेकाला बोटभर काटे. आईने मान खाली घातली.

भिंगरीला एकदम आठवलं. साधा आवाज कुणाचा धरायचा, हे प्रोग्रामला आधी सांगावं लागतं. बाकीचे आवाज तो त्या मापाने जोखतो. या धंद्यातले लोक चाचणीपुरता आपलाच आवाज भरतात आणि नंतर बदलायचं विसरतात. तीही विसरली होती, आणि तिच्या आवाजाच्या मापात दादाचा खरखरीत घसा म्हणजे राग ठरत होता. चार महिने दादा "जेवलीस का" विचारत होता आणि आई शिव्या वाचत होती!

सांगावं? सांगितलं तर आई इथेच राहणार. नाही सांगितलं तर कुणाला काय पत्ता लागणार? घरी तिने खिडकीशी आईचा पलंगसुद्धा लावून ठेवला होता. दादाने बॅग उचलली, चेन नीट लागलीय का ते पाहिलं आणि दाराकडे तोंड करून डोळे पुसले. तेवढं मात्र तिला बघवेना.

"थांब!" तिने टॅब ओढून घेतला, आपला आवाज काढून टाकला. "दादा, बोल काहीतरी."

"काय बोलू?"

"काहीही बोल रे बाबा! रोजचं!"

दादा गोंधळून कुणाच्या तरी पायऱ्यांच्या दगडाबद्दल दोन मिनिटं बोलत राहिला. ते माप म्हणून भरलं. मग तो आईकडे वळला. "आई, राहिली असतीस तर बरं वाटलं असतं."

गोल, निळी अक्षरं हळूच वर आली. आईने ती दोनदा वाचली. "हा असा बोलतो?" तिने विचारलं.

भिंगरीला राहवलं नाही. "आई, चूक माझी गं! तो कधी ओरडलाच नाही तुझ्यावर, मीच मापात घोळ घातला!"

आता माप दादाच्या आवाजाचं होतं. काळे काटे स्क्रीनभर उसळले. "घोळ" तर मावलासुद्धा नाही. भिंगरी बघतच राहिली. आपण असं बोलतो? तिने तोंडावर हात ठेवला.

आई मात्र त्या काट्यांवरून बोट फिरवत हसायला लागली. "हं, ही माझी पोर! इतके दिवस किती गुळगुळीत बोलायचीस गं. मला वाटलं, कान गेल्यापासून तू मला परकंच केलंस."

"मग माझ्याकडे यायला का निघाली होतीस?" भिंगरीने विचारलं.

"काट्यांत राहण्यापेक्षा परक्यात बरं, म्हणून," आई म्हणाली आणि तिने दादाला बॅग आत ठेवायला सांगितलं. मग भिंगरीकडे वळली, "तू बस. आणि बोल, तुझ्या आवाजात बोल."

भिंगरी आईजवळ टेकली. आई रिकाम्या स्क्रीनकडे बघत वाट पाहत बसली.