पहिला बोरा

गावाजवळच्या नव्या स्टेशनात पहिली गाडी येणार, म्हणून मारोतराव ट्रॅक्टरभर कापूस घेऊन सकाळीच हजर झाले. सर्वेवाले शेतात दगड रोवून गेले तेव्हापासून गाव रेल्वेच्या साहेबांकडून ऐकत होतं, की रेल्वे आली की शेतमालाच्या भावात फरक पडतो, कापूस थेट गिरणीत आणि शेतकरी थेट राजा.

"साहेब, मालधक्का कुठी हाय?" त्यांनी विचारलं.

"तो दुसऱ्या टप्प्यात. सध्या सेल्फी पॉइंट झालाय," साहेब म्हणाले. मग कापूस पाहून त्यांचा चेहरा खुलला. "एक बोरा डब्यात चढवा बरं. फोटोपुरता."

मारोतरावांनी बोरा चढवला, गळ्यात हार घालून घेतला, हसलेसुद्धा. फोटो निघताच साहेबांनी बोरा उतरवायला लावला. प्रवासी गाडीत माल चालत नाही, कायदा म्हणजे कायदा.

दुसऱ्या दिवशी तोच ट्रॅक्टर दिग्रसला, नेहमीच्या जिनिंगच्या दारात उभा होता. व्यापाऱ्यानं हातातला पेपर पुढे केला.

"मारोतराव, तुमचा चांगला माल तं काल रेल्वेनं गेला. हा पाहा फोटो. आता उरलासुरला मले आणून राह्यले काय?"

आणि त्यानं क्विंटलमागे दोनशे रुपये पाडले.

रेल्वेनं शेतमालाच्या भावात फरक पडतो, हे साहेबांचं म्हणणं काही खोटं नव्हतं.