रोज सकाळी पुसलेली मेमरी

या, असे जवळ सरकून बसा. आज एक गोष्ट सांगतो. देवादिकांची नाही, सिकंदराबादच्या एका दवाखान्यातल्या मशीनची. सांगताना आवाज चढला तर पांडुरंग सांभाळून घेईल.

निशिगंधा माझी भाची. अंबरपेठेत आमच्याच गल्लीत राहते. दवाखान्याचा डेटाबेस सर्व्हर, म्हणजे सगळ्या रुग्णांची माहिती ठेवणारं मशीन, तिच्या हवाली होतं. तिचा साहेब हर्षवर्धन. एकदा त्याने पडद्यावर पाहिलं: मेमरी जवळजवळ भरलेली, ती दाखवणारी पट्टी लालभडक.

"मशीनचा श्वास कोंडलाय आणि तू चहा पितेस?"

"सर, ती भरलेलीच बरी. जी माहिती पुन्हापुन्हा लागते ती डेटाबेस मेमरीत हाताशी धरून ठेवतो. नाहीतर दर वेळी डिस्कमधून काढत बसायचं. जागा खरंच अपुरी पडली असती तर मशीनने मेमरीत न मावलेला पसारा डिस्कवर मांडला असता. तसं काही नाही, हे बघा ना."

त्याने बघितलंच नाही. "आमच्या घरी रोज पहाटे अंगण झाडून सडा पडतो. इथेही तसंच. ओपीडी उघडायच्या आधी रोज रीस्टार्ट, मशीन बंद करून पुन्हा चालू, की मेमरी रिकामी!"

आता सांगा! बुवांच्या मागे टाळकरी उभा असतो. बुवांनी पहिला शब्द उच्चारला की त्याने चरण उचलायचा, कारण अभंग त्याच्या ओठांवर असतात. त्याला रोज कीर्तनाआधी सगळं विसरायला लावायचं आणि वर त्यालाच झापायचं, की मागे का पडतोस? याला काय म्हणावं?

तेच सुरू झालं. सकाळी रिकाम्या डोक्याने मशीन उठे, एकेक नाव डिस्कमधून शोधे. नाव नोंदवायच्या खिडकीपुढे तापलेली पोरं कडेवर घेऊन बाया उभ्या. "कित्ता ठैरना जी? नाम बताके कब का हो गया!" शिव्या खिडकीत बसणाऱ्या कारकून पोराला, बोलणी निशिगंधेला. दुपारपर्यंत मेमरी पुन्हा भरे आणि काम सुरळीत होई. तेव्हा हर्षवर्धन मान डोलवत म्हणे, "बघ, रीस्टार्टचा गुण दुपारी येतो!"



मग एका सोमवारी, गर्दीच्या दिवशी, निशिगंधेने न विचारता रीस्टार्ट थांबवला. रांग झरझर सरकली. साहेब आला, लाल पट्टी पाहून भडकला.

"कुणाला विचारून?"

"सर, खिडकीकडे बघा. एकही माणूस ओरडत नाहीये."

"मी पट्टीकडे बघतोय!"

"मग रुग्ण तपासायला पट्टीलाच बसवा!"

एवढं बोलली, आणि त्याने तिच्यासमोर, भर ओपीडीत, रीस्टार्ट मारला. सगळ्या खिडक्या एकदम ठप्प. आणि वरच्यांना काय कळवलं? निशिगंधेने रीस्टार्ट टाळला, म्हणून सर्व्हर बसला! वरच्यांनी एका शब्दाने तिला विचारलं नाही. संध्याकाळी नोकरी गेली.

आता मुलाखतीला गेली की विचारतात, "तो सर्व्हर तुम्हीच बंद पाडलात ना?" घरी येऊन चप्पल भिरकावते. "मामा, त्या साहेबाला एकदा तरी रांगेत उभं करा!" माझ्याही हाताच्या मुठी वळतात.

सकाळचा रीस्टार्ट अजून चालूच आहे. तेव्हा कधी त्या खिडकीपुढे ताटकळलात, तर आतल्या पोराला बोलू नका. माझ्या निशिगंधेची आठवण काढा. आणि जमलं तर मोठ्याने काढा, साहेबाच्या केबिनपर्यंत जाईल अशी.