खंडेनवमीचं यंत्र

“हे कोणी केलं?” तात्यांनी दारातूनच विचारलं.

“मीच. आज खंडेनवमी ना, तात्या. तुमचं हत्यार तर हेच.”

तात्या, माझे सासरे, चौतीस वर्षं कॉलेजच्या फिजिक्स लॅबमध्ये असिस्टंट होते. रिटायर झाल्यावरही तिथलं काचेच्या चकत्यांचं, हातानं फिरवायचं जुनं वीजयंत्र घरी आणून उन्हाळाभर दुरुस्त करत बसले होते. सकाळी तात्या राम घाटावर आंघोळीला गेलेले पाहून, लेक भार्गवीला कडेवर घेऊन मी यंत्र धुतलं होतं. चकत्यांवर, वीज साठवायच्या दोन्ही बरण्यांवर हळदीकुंकवाची ओली बोटं ओढली होती.

तात्या बघत राहिले. मग म्हणाले, “छान केलंस.”

ऑटो दारात उभी होती. आजच लॅबच्या जुन्या सामानाची तपासणी. ठिणगी पडली तर यंत्र लॅबच्या कपाटात राहणार, नाहीतर भंगारात.

“तू पण चल. पोरीला ठिणगी दाखवू.”

नानाखेड्याच्या घरून निघाल्यापासून ते आठ महिन्यांच्या भार्गवीला गोष्ट सांगत होते. “पावणेतीनशे वर्षं झाली, बेटा. लायडन गावात एकानं अशाच बरणीत वीज भरली. मग फ्रान्समध्ये एकशे ऐंशी शिपाई हातात हात देऊन उभे केले, न् झटका दिला. सगळे एकदम उडाले. राजा एकदम खूश.”

लॅबमध्ये तपासणीचे दुबेसाहेब घड्याळ बघत होते. तात्यांनी दांडा फिरवला. चकत्या सरसरल्या. दोन पितळी गोळ्यांमधल्या फटीत काहीच झालं नाही. ते फिरवत राहिले. शर्ट पाठीला चिकटला.

“रहने दीजिए, तात्याजी. हवा अच्छी दे रही है,” दुबे म्हणाले. क्लार्क हसला.

कपाटाच्या दारावर तात्यांच्या अक्षरातला पिवळा कागद होता : ‘काँच सूखा रखें। नमी में बिजली टिकती नहीं।’

मी चकतीवरून बोट फिरवलं. कुंकू अजून ओलसर होतं. “तात्या, तासभर उन्हात ठेवू या ना.”

“त्यांना इंदूरला जायचंय.”

“साहब, सुबह मैंने ही इसको—”

“ऋता, पोरीला भूक लागली असेल. बाहेर बस तू.” मग ते दुबेंकडे वळले. “उम्र हो गई इसकी. भंगार में लिख दीजिए.”

घरी आलो. हातपाय धुऊन ते पाटावर बसले.

“नैवेद्य दाखवलास?”

“हो.”

“मग वाढ.”

मी वाढलं. पहिला घास त्यांनी बराच वेळ हातातच धरून ठेवला.