आटवलेलं पाणी

"काकू, बाळाची नखं पायली का तुमी?"

बाळाला तपासायला घरी आलेल्या खुशबू सिस्टरने माझ्या सहा आठवड्यांच्या नातीची बोटं दाराच्या उजेडात धरली. नखं जांभळट, ओठही तसेच.

"थंडीनं झाले असतीन," मी म्हटलं. आसगावात डिसेंबरची थंडी असते, खरं आहे. पण पोरगी दोन गोधड्यांत होती.

माझी सून टीना बाळंतपणात तापाने खंगली, दूध गेलं, म्हणून पोरगी डब्याच्या दुधावर. ते कोणत्या पाण्यात कालवता, असं सिस्टरने विचारलं. मी ताठ मानेने सांगितलं, "आपल्या विहिरीच्या. पन साधं नाही जी! काढ्यावानी आटवतो. पान्याचा गंज भरून चुलीवर ठेवतो आन् अर्धा रायला का उतरवतो."

आमच्या घरात चांगलं करायचं म्हणजे आटवायचं. सासूने बाळंतिणीचं पाणी असंच करायला शिकवलं होतं. चूल फुंकून माझे डोळे लाल व्हायचे आणि त्याचा मला केवढा गर्व!

सिस्टर हळूच म्हणाली, "काकू, विहिरीत शेतातलं खत झिरपलं असन, त्यानं लेकरू असं निळं पडते. उकळल्यानं जंतू मरते, खत नाही मरत. पानी उडून जाते आन् खत गंजातच उरते. तुमी दुप्पट करून पाजून राहिल्या."

बाई गं! मी गंजातलं उरलेलं पाणी अंगणात ओतून दिलं.

त्याच दुपारी गाडी करून नागपूर गाठलं. चौथ्या दिवशी पोरीचे ओठ गुलाबी झाले आणि मी दवाखान्याच्या जिन्यात बसून पोटभर रडले. त्या दिवशी सिस्टरची नजर नखांवर गेली नसती, तर आज हे सांगायला तोंड उरलं नसतं. घरी आलो तोवर तिने विहिरीचं पाणी तपासून ठेवलं होतं. खतातलं नायट्रेट लिटरमागे पंचेचाळीस मिलिग्रॅमच्या आत हवं. आमचं एकशे दहा.

विहिरीच्या वरच्या अंगाला तुलाराम भाऊजींची भाजीची बाडी. नात्याचे नव्हेत, धुऱ्याला धुरा, बांधाला बांध लागून, म्हणून भाऊजी. बायको धुरपता जाऊन सहा वर्षं झालेली, मूलबाळ नाही. माणूस बाडीतच रमायचा. दर आठवड्याला मुठी भरभरून युरिया, वरून मोकाट पाणी, आणि वांगी अशी काळीभोर की बाजार बघत राहावा. पहिला तोडा माझ्या घरी यायचा. भरीत करताना मी कधी विचारलं नाही की ही चकाकी येते कुठून.

म्हणून भांडायला गेले तेव्हा अर्धं भांडण स्वतःशीच होतं. तरी तोंड सुटलंच.

"भाऊजी, तुमच्या वांग्यानं माही पोरगी जात होती!"

ते धुऱ्यावर बसले. हातातलं खुरपं खाली ठेवून म्हणाले, "मी त खताले जेवन समजत होतो, वयनी. उरलेलं कुठं जाते, हे कधी पुसलंच नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळी सातला अंगणात सायकलची घंटी. मागे दोन कॅन बांधलेले. "शाळेजवळच्या बोअरचं हाय. सिस्टरनं तपासलेलं." मी रागातच कॅन घेतले, बसा म्हटलं नाही. ते तिसऱ्या दिवशी आले, चौथ्या दिवशी आले. मग राग धरायलाही लाज वाटू लागली.

बाडीत त्यांनी मातीची तपासणी करून घेतली. युरिया निम्म्यावर आणला, तोही थोडा थोडा, मुळाशी, मातीआड. विहिरीकडच्या सहा ओळी उपटून गवत लावलं, झिरपणारं खत गवत पिऊन घेतं म्हणून. मीही विहिरीजवळचा माझा शेणाचा खड्डा लांब हलवला, दोष काय एकट्या त्यांचा होता? वांगी जरा फिकी झाली. बाजारात लोक चिडवायचे, "तुलाराम, वांग्याले कावीळ झाली का बे?"

"हो. पन पानी सुधरून राहिलं," ते म्हणायचे.

एकशे दहाचे ब्याण्णव झाले, ब्याण्णवचे अडुसष्ट. तीन वर्षं. भाताच्या रोवणीच्या चिखलातही कॅन चुकले नाहीत. माझी नात चालायला लागली, बोलायला लागली, सायकलची घंटी स्वतः वाजवायला लागली. सख्ख्या दिरानेही एवढं केलं नसतं.

परवा सिस्टरने नळीतल्या पाण्याचा रंग तक्त्याशी लावून पाहिला आणि ओरडलीच, "काकू, अडतीस!"

काल सकाळी मी आनंदाने भाऊजींना सांगितलं, "उद्यापासून पानी नका आनू जी. आपल्या विहिरीचं चालते आता."

ते हसले. कॅन उतरवला, पुन्हा बांधला, पुन्हा उतरवला. "चांगलं झालं," म्हणाले. "लय चांगलं झालं." आणि सायकलवर न बसता, ती हाताने ढकलत निघाले.

मी करंटी, तेव्हा कुठे मला कळलं.

"ओ भाऊजी! पानी आनू नका म्हनलं मी. येऊ नका नाही म्हनलं!"

त्यांनी मागे न बघता मान हलवली.

आज सातला अंगणात नुसत्या चपला वाजल्या. धुतलेला पांढरा सदरा, पाणी लावून विंचरलेले केस, हात रिकामे. ते कुठे ठेवावेत हे त्यांना कळत नव्हतं. एक हात नातीने धरला. दुसऱ्यात मी आमच्या विहिरीच्या पाण्याचा गिलास दिला.