बांधावर उरलेली रतनज्योत

मी रतनज्योत, म्हणजे जट्रोफाचं झाड, बोलतेय. नाचणगावच्या शिवारात, रत्नदीपच्या बरड तुकड्याच्या बांधावर एकटीच उभी आहे. गुरं मला तोंड लावत नाहीत, म्हणून गुराखीही इथं थांबत नाहीत.

रत्नदीपनं आम्हाला लावलं तेव्हा आमच्या बियांपासून डिझेल होणार, अशी जिकडेतिकडे चर्चा होती. बांधभर आम्ही बहिणी होतो. कमी पाण्यावर तगलो, पण बियाही कमीच धरल्या. गाव हसलं. विकत घ्यायला कुणी फिरकलं नाही. मग रत्नदीपनं स्वतःच बियांचं तेल काढून आणलं. पाणी उपसायचं इंजिन आधी डिझेलवर गरम केलं आणि ते तेल ओतलं. इंजिन खोकलं, काळा धूर सोडला, आणि चालू राहिलं.

"अन्नपूर्णा, पाह्य! आपल्या बांधावरचं तेल पिऊन राह्यलं हे!" तो बायकोला ओरडून सांगत होता.

दोघं इंजिनापाशी असताना त्यांची चिमुकली काजल माझ्या सावलीत बसून बिया फोडून खात होती. गोड लागतात त्या. विषारी असतात. मला हाक मारता येत नव्हती.

ती ओकायला लागली तेव्हा दोघं धावले. मोटरसायकलवर तिला मधे घेऊन सेवाग्रामच्या दवाखान्याकडे निघाले. शेतात कुणी उरलं नाही. तेल संपेपर्यंत इंजिन चालत होतं आणि आम्ही ऐकत होतो.

काजल वाचली. रत्नदीप कुऱ्हाड घेऊन आला.

"झाडाईवर काऊन राग काढता? आपणच पोरीले सांगतलं नाई," अन्नपूर्णा म्हणाली.

"मलेच कोठी मालूम होतं? तेल निघते, एवढंच सांगतलं होतं मले."

त्यानं एकेक बहीण तोडली. माझ्यापाशी आला आणि कुऱ्हाड टाकून काजल बसली होती तिथंच बसला. त्यानंतर तो या बांधाकडे आलाच नाही.

आता पंप विजेवर चालतो. पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळतात म्हणे. वाटेनं जाणारे बोलतात, मी ऐकते.

परवा काजल आली, मोठी झालेली, भाचीचा हात धरून. "याच्या बिया खाऊ नोको, बाई. जहर हाये. पण याच्याच तेलावर बाबानं इंजिन चालवलं होतं."

दोन्ही गोष्टी एका दमात सांगणारी ती पहिलीच. उद्याचं इंधन शोधणाऱ्यांनो, लावायच्या आधी तुम्हीही असंच सगळं सांगत जा. आणि सांगायला थोडं माझ्याजवळ येऊन उभे राहा.