पळसाच्या पानांचा निकेश

“पानं मी देणार नाई,” बेबीबाई म्हणाली आणि पळसाच्या पानांच्या टोपल्यावर हात ठेवून बसली. देवळीजवळच्या त्या गावात लग्नकार्याच्या पत्रावळी तीच टाचून द्यायची. पण आज दारात पूजा सांगणारे महाराज उभे होते. मृतदेह मिळत नाही तेव्हा पळसाच्या पानांचा देह मांडून त्याला अग्नी देतात, त्यासाठी पानं हवी होती.

देह तिच्या एकुलत्या एका लेकाचा, निकेशचा. परदेशात गोदामाच्या कामाला गेला आणि तिथल्या लढाईत, देशोदेशींच्या पोरांची वेगळी तुकडी होती तिच्यात आपणहून शिरला. पावसाळ्यापासून त्याचा फोन नव्हता.

“कोणी पाह्यलं काय त्याले मरतानी? मंग कशाले आग देता?”

पाहणारा होता. रूपरावला परवाच कळलं होतं, पण बायकोला सांगायला जीभ रेटत नव्हती. आता त्याने फोन लावला आणि तिच्या कानाशी धरला. पलीकडे निकेशच्या तुकडीतला नेपाळी पोरगा होता.

“अम्मा, मेरे सामने गया वो. हम अलग अलग मुल्कों के लड़के थे, हमने ही मिट्टी दी. उसकी पूजा किसी को नहीं आती थी. सबने अपनी अपनी बोली में कुछ बोल दिया.”

बेबीबाईने फोन स्वतःच्या हातात घेतला.

“जेवला व्हता काय रे तो?”

“हाँ अम्मा. खिचड़ी उसी ने बनाई थी.”

तिने टोपलं पुढे सरकवलं.

अंगणात दर्भावर रूपराव पानं मांडू लागला. मुलगा जेवढा होता तेवढा देह करा, महाराजांनी सांगितलं. पण पायाकडे आणखी एक पान, मग आणखी एक, असं चालूच राहिलं. नागपूरच्या सैन्यभरतीत निकेश दर खेपेला उंचीत बाद व्हायचा, बोटभर कमी पडायचा. घरी आला की न जेवता भिंतीकडे तोंड करून झोपायचा. रूपरावचे हात थांबेनात.

“एवढा नव्हता तो,” बेबीबाई जवळ येऊन म्हणाली.

“तिकडच्या लोकायनं मापच नाई घेतलं त्याचं,” रूपराव म्हणाला. “घेतलं असतं तं बाद होऊन घरी आला असता.” आणि परवापासून कोरडा राहिलेला तो माणूस हमसून रडू लागला.

बेबीबाई त्याच्या शेजारी खाली बसली.

“माहं लेकरू होतं तेवढंच जाऊ द्या,” ती म्हणाली. मग पायाकडची जास्तीची पानं एकेक करून उचलली आणि पदरात घेतली.